कासवाशी गप्पा दुपारी नकोत : डिस्नी वर्ल्डमध्ये मुलांच्या सहभागाचे शो कधी आणि कसे बसवायचे

प्रश्न पुण्याहून आलाय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात नवरा-बायको, साडेसहा वर्षांची मुलगी, पावणेतीन वर्षांचा मुलगा आणि आजी-आजोबा असे सहाजण अमेरिकेला निघालेत. आधी ओर्लँडोत डिस्नी वर्ल्डचे चार दिवस, मग न्यू जर्सीत भावाकडे तीन आठवडे. मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट आहे, ‘फाइंडिंग निमो’मधल्या क्रश नावाच्या कासवाशी बोलायचं. मुलगी शाळेत सेमी-इंग्रजीला, घरी सगळं मराठी. टूरवाल्याने सांगितलंय, ‘सकाळी राइड्स उरकून घ्या, शो दुपारी ठेवा, तेवढंच एसीत बसायला मिळतं.’ गर्दीत हे सगळं कसं बसवायचं, असं त्या ताईंनी विचारलंय.

ताई, मी फ्लोरिडात राहते आणि इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहली आखून देणं हाच माझा व्यवसाय आहे. टूरवाल्याचा सल्ला मी दर सुट्टीत ऐकते. तो खोटा नाही, फक्त तो नुसत्या बघायच्या शोंसाठी आहे. ज्या शोमध्ये पोराने हात वर करायचा, नाव सांगायचं, प्रश्न विचारायचा, तो शो दुपारी ठेवला की पोर एकतर आईच्या मांडीवर झोपलेलं असतं, नाहीतर भोकाड पसरून बसलेलं असतं.

तुमच्या बाबतीत तर हिशेब अगदी सरळ आहे. मे महिन्यात ओर्लँडो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले दुपारचे दोन म्हणजे तुमच्या मुलीच्या शरीराला रात्रीचे साडेअकरा. पहिले चार-पाच दिवस ती पहाटे तीनला टक्क जागी होणार आणि जेवणानंतर पेंगणार. म्हणून पहिली सूचना शोची नाहीच, सहलीच्या क्रमाची आहे : आधी न्यू जर्सी करा, मग ओर्लँडो. दोन्हीकडचं घड्याळ एकच आहे, न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावरून तीन तासांच्या आत पोचता. भावाकडे आठ-दहा दिवस राहून निघालात तर मुलं सरळ झालेली असतील, आणि आजी-आजोबांचे पायही. फक्त मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो, त्या शनिवार-रविवार-सोमवारात अडकू नका. फ्लोरिडातल्या शाळाही त्याच सुमारास सुटतात आणि तिथून पुढे गर्दी चढत जाते. त्या सोमवारच्या आत ओर्लँडो उरकेल असं बघा.

(इतर वाचकांसाठी : दिवाळीच्या सुट्टीत येणार असाल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीचा तो आठवडा टाळा, ज्यात शिक्षकांच्या अधिवेशनासाठी न्यू जर्सीच्या शाळा गुरुवार-शुक्रवार बंद असतात. निम्मं न्यू जर्सी डिस्नीत उतरतं, त्यात तिथल्या एडिसन गावातली आपली मंडळीही आली.)

तिकिटं बदलणं शक्य नसेल, तर सहभागाचे सगळे शो सकाळी अकराच्या आत घ्या आणि राइड्सचं ओझं डोक्यावरून उतरवा. तसंही तुमच्या धाकट्याला मोठ्या राइड्सवर घेणार नाहीत. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला किमान उंची ३८ इंच, म्हणजे ९७ सेंटिमीटर लागते, स्लिंकी डॉगलाही तेवढीच. ‘सकाळी राइड्स’ हे कॉलेजच्या पोरांचं गणित आहे.

आता कासवाचा शो. ‘टर्टल टॉक विथ क्रश’ डिस्नी वर्ल्डच्या चार पार्कांपैकी एपकॉटमध्ये २००४ पासून चालू आहे, तिथल्या समुद्राच्या पॅव्हिलियनमध्ये. समोर काचेच्या टाकीसारखा दिसणारा मोठा पडदा असतो. त्यात क्रश पोहत येतो आणि मुलांशी थेट बोलतो. आधी रेकॉर्ड केलेलं नसतं ते. पडद्यामागे एक कलाकार बसलेला असतो, त्याला खोलीतली मुलं कॅमेऱ्यातून दिसतात, आणि तो बोलेल-हलेल तसं कासव त्याच क्षणी बोलतं-हलतं. त्यामुळे दर शो वेगळा होतो. साधारण १५-२० मिनिटांचा असतो.

बसायची पद्धत अशी : मुलं पुढे गालिच्यावर मांडी घालून, मोठी माणसं मागे बाकांवर. गोची इथेच होते. एकटं पुढे जायला सांगितलं की आपली मुलं आईचा कुर्ता सोडत नाहीत. आपल्याकडे मुलांना अनोळखी पोरांच्या घोळक्यात एकटं बसवायची सवयच नसते. तिला घरूनच सांगून ठेवा की तू पुढे बसशील, मी मागे, मान वळवलीस की दिसेन. तरी नाहीच म्हणाली तर बाकावर जवळ घेऊन बसा, कोणी हटकत नाही. पण मग माइक तिच्यापर्यंत येण्याची शक्यता कमी होते, एवढं ध्यानात असू द्या.

माइक घेऊन फिरणारी एक निवेदिका किंवा निवेदक असतो. कासव पडद्यातून मूल निवडतं आणि ते निवडतं कपड्यांवरून. कपड्यांना ते ‘शेल’, म्हणजे कवच म्हणतं. ‘ते निळ्या कवचातलं पिल्लू’ अशा थाटात. म्हणून त्या दिवशी तिला एकरंगी, भडक टी-शर्ट घाला. पिवळा, नारिंगी, पोपटी, काहीही, पण दुरून एका शब्दात सांगता येईल असा. डिस्नीत आलोय म्हणून राजकन्येचा चमचमता झगा घालाल तर तिच्यासारख्या आणखी पाचजणी शेजारी बसलेल्या असतील. आणि पुण्याहून शिवून आणलेले सहाजणांचे एकसारखे काळे टी-शर्ट त्या दिवशी बॅगेतच राहू द्या. तिथल्या अंधारात ते दिसणारही नाहीत.

नावाची तयारी करा. कासव आधी नाव विचारतं आणि मग पुढची सगळी गंमत त्या नावाने करतं. ओवी, मीरा, अनया असं नाव असेल तर प्रश्नच नाही. ज्ञानदा किंवा शर्वरी असेल तर दोन मिनिटं नावाच्या दुरुस्तीतच जातात आणि मूल हिरमुसतं. घरातलं लाडाचं नाव सांगू दे, चिऊ, मनू, जे असेल ते. नावाशिवाय एक प्रश्न तयार ठेवा, पण एकच, आणि तो तिच्या मनातला असू दे. ‘तू काय खातोस?’, ‘तुझं वय काय?’ हे तिथे रोज विचारलं जातं. कलाकाराकडे त्याची उत्तरं तयार असतात, ती छानही असतात. पण मुलांच्या डोक्यातून आलेल्या तिरपागड्या प्रश्नांवर तो खरा खुलतो.

ठाण्याच्या एका कुटुंबाबरोबर मी गेले होते, त्यांचा मुलगा पाच वर्षांचा. माइक आला आणि पाठ केलेलं इंग्रजी वाक्य पार उडालं. त्याने विचारलं, ‘तुला आई आहे का?’ निवेदिकेने बाबांकडे बघितलं, बाबांनी इंग्रजीत सांगितलं. कासव क्षणभर थांबलं, मग ‘आ-ई’ असं लांबवून म्हणालं, आणि सगळ्या खोलीकडून तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. तेव्हा इंग्रजी अडलं तर मराठीत विचारायला तिला आधीच परवानगी देऊन ठेवा. तुम्ही मात्र माइकच्या आवाक्यात, गालिच्याच्या कडेच्या बाकावर बसा, म्हणजे भाषांतराला हाताशी असाल. भाषांतर करताना प्रश्न सुधारून सांगायचा मोह आवरायचा. आजोबांनाही हे सांगून ठेवा.

हेही तिला आधीच सांगा की सगळ्यांना माइक मिळत नाही. खोली भरून मुलं असतात, बोलायला मिळतं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. म्हणून माझा ठरलेला उपाय म्हणजे त्याच सकाळी तोच शो दोनदा. पहिल्या वेळी मुलाला ठाऊकच नसतं की कासव खरंच उत्तर देतं. ते कळेकळेपर्यंत शो संपतो. दुसऱ्या वेळी तेच मूल गुडघ्यांवर उभं राहून हात हलवत असतं. शो थोड्या-थोड्या वेळाने दिवसभर चालू असतात, तेव्हा मधला वेळ त्याच पॅव्हिलियनमध्ये काढायचा. तिथल्या मत्स्यालयात ५७ लाख गॅलन पाणी आहे, म्हणजे दोन कोटी लिटरहून जास्त. शार्क, कासवं, शिवाय मॅनेटी नावाचे फ्लोरिडाचे गलेलठ्ठ जलचर. थंडगार, अंधारं आणि आजी-आजोबांना टेकायला जागा असलेलं. सहाजणांपैकी चौघांना तिथून निघायचंच नसेल, बघा.

शो बघण्यासाठी निमोच्या राइडमध्ये बसावंच लागतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. पॅव्हिलियनच्या दुकानाच्या बाजूनेही आत जाता येतं, दारावरच्या माणसाला विचारा. सकाळी एपकॉटचं दार उघडलं की लोंढा फ्रोझनच्या, रॅटाटुईच्या उंदराच्या आणि कॉस्मिक रिवाइंडच्या राइडकडे धावतो. समुद्राकडे तेव्हा शुकशुकाट असतो. पहिला शो किती वाजता ते त्या दिवशी सकाळी डिस्नीच्या ॲपमध्ये बघा. वेळा बदलतात, म्हणून मी इथे लिहीत नाही.

पैसे देऊन रांग वाचवण्याची सोय, लायटनिंग लेन मल्टी पास, या शोसाठीही मिळते. घेऊ नका. राइडला एकेक डबा भरतो म्हणून रांग ताटकळते. इथे एकदम अख्खी खोली आत जाते. लायटनिंग लेनने तुम्ही पाच मिनिटं आधी आत शिरता, बस. तो पास उरलेल्या दिवसाच्या राइड्ससाठी वापरा. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी नोंदणी करता येते, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. नोंदणी तिथल्या सकाळी सातला उघडते, म्हणजे पुण्यात बसून करणार असाल तर संध्याकाळी साडेचारला. धाकट्याला तीन पूर्ण झालेली नाहीत, तेव्हा त्याला पार्कचं तिकीट लागत नाही आणि लायटनिंग लेनही.

मॅजिक किंगडम या पार्कात ‘एन्चांटेड टेल्स विथ बेल’ आहे, ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ सिनेमातल्या बेलचा शो. माझ्या मते इंग्रजी कच्चं असलेल्या, बुजऱ्या मुलांसाठी तो कासवापेक्षाही चांगला. बेलच्या वडिलांच्या घरातून तुम्ही आत जाता, भिंतीवरचा आरसा बघता बघता दरवाजाएवढा होतो आणि त्यातून पुढच्या खोलीत. तिथे बोलणारं कपाट कथेतली पात्रं वाटतं : कोणी चहाची किटली, कोणी कप, कोणी घोडा, कोणी चिलखतातला शिपाई. शेवटी ग्रंथालयात बेल येते आणि मुलं कथा करून दाखवतात. बोलायचं जवळजवळ काहीच नाही, सोंग घेऊन चालायचं, डोलायचं, आणि भाग घेणाऱ्याला बेलबरोबर फोटो. कपाटाच्या खोलीत उभं राहायचं असतं, तिथे पुढे सरकून उभे राहा आणि हात पटकन वर करा. भूमिका तिथेच वाटल्या जातात. किटली नाही मिळाली म्हणून रुसवा झाला तर समजूत आधीच ठरवून ठेवा. खोल्या लहान असल्याने एका खेपेला थोडीच माणसं जातात आणि रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. हा शो ज्या वेळेला उघडतो त्याच वेळेला दारात हजर असायचं. अकरानंतर रांग दिसली तर सोडून द्या.

त्याच पार्कात ‘मॉन्स्टर्स इंक लाफ फ्लोर’ आहे, तोही पडद्यावरच्या पात्रांनी प्रेक्षकांशी बोलण्याचाच प्रकार. पण सगळा मामला अमेरिकन शाब्दिक कोट्यांचा. आपल्याकडची सात-आठ वर्षांपर्यंतची मुलं नुसती इतरांकडे बघून हसतात. शिवाय तिथे मुलांपेक्षा मोठ्या माणसांचीच फिरकी जास्त घेतात. एखाद्या गृहस्थाचा चेहरा पडद्यावर पुन्हा पुन्हा झळकवतात. तुमचे यजमान हौशी असतील तर दुपारी जाऊन बसा, मुलगा झोपून जाईल. तो चालू आहे का तेवढं ॲपमध्ये बघून घ्या.

आणि आता ज्याची जाहिरात फारशी कोणी करत नाही ते. ॲनिमल किंगडममध्ये ‘वाइल्डरनेस एक्सप्लोरर्स’ म्हणून फुकट उपक्रम आहे. मुलांना एक पुस्तिका मिळते, पार्कभर ठिकठिकाणी मार्गदर्शक उभे असतात, त्यांच्याकडे जायचं, एखादा प्राणी नीट बघायचा, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि बिल्ल्याचा स्टिकर चिकटवून घ्यायचा. माइक नाही, गर्दी नाही, समोर एकच माणूस आणि तोही बहुधा वाकून, हळू बोलणारा. तुमच्या मुलीसाठी याच्यासारखी तालीम नाही. दिवसभरात पाच-सहा अनोळखी माणसांशी ती मोडकंतोडकं बोलली की कासवाची भीती गेलीच. म्हणून मी तुम्हाला पार्कांचा क्रम बदलायला सांगेन. बहुतेक सगळे मॅजिक किंगडमपासून सुरुवात करतात, तुम्ही ॲनिमल किंगडम आधी करा, मग मॅजिक किंगडम, आणि एपकॉट शेवटी. ॲनिमल किंगडम सकाळी इतर पार्कांच्या आधी उघडतं, तेही पहाटे उठणाऱ्या मुलांच्या पथ्यावर पडतं.

आजी-आजोबांनाही तिथेच सर्वात जास्त मजा येईल. आशिया विभागात आनंदपूर नावाचं कल्पित राज्य उभारलंय, भिंतींवरच्या पाट्यांपासून वाघांच्या जुन्या महालापर्यंत सगळं ओळखीचं वाटतं. उलट एपकॉटमध्ये अकरा देशांची दालनं आहेत, त्यात भारत नाही. हे आजोबांना आधीच सांगून टाका, म्हणजे तळ्याभोवती फिरून शोधत बसणार नाहीत.

बघायचे शो टूरवाला म्हणतो तसे खुशाल दुपारी ठेवा. ॲनिमल किंगडममधला ‘फेस्टिव्हल ऑफ द लायन किंग’ साधारण अर्ध्या तासाचा आहे, प्रेक्षागृह मोठं आणि गार. प्रेक्षकांचे चार गट पाडून प्रत्येकाला एका प्राण्याचा आवाज काढायला लावतात. आख्ख्या गटाने मिळून ओरडायचं असल्याने पेंगुळलेलं मूलही खपून जातं. आजोबांना हत्तीच्या गटात बसवा, बाकी काही सांगायची गरज नाही.

आता बसण्याचं तंत्र, कारण इथे आपली माणसं हमखास फसतात. डिस्नीच्या प्रेक्षागृहात रांगेत जो पहिला शिरतो त्याला थेट दुसऱ्या टोकापर्यंत सरकावं लागतं, मध्ये थांबू देत नाहीत. दारापाशी घाई करून पहिले शिरलात तर पार पलीकडच्या कोपऱ्यात जाल. मधोमध बसायचं असेल तर दहा-बारा जणांना पुढे जाऊ द्या. आणि धाकट्याला मध्येच शू लागणार हे गृहीत धरून तुमच्या सहाजणांत त्याला व तुम्हाला सगळ्यांत शेवटी ठेवा, म्हणजे आलात त्या दाराच्या बाजूला राहाल. स्ट्रोलर, म्हणजे मुलाची ढकलगाडी, आत नेता येत नाही, बाहेर ठरलेल्या जागी लावावा लागतो. कर्मचारी तो हलवून नीट ओळीत लावतात, म्हणून त्याला एखादी रंगीत ओढणी बांधा, नाहीतर शो सुटल्यावर एकसारख्या शेकडो गाड्यांत शोधत बसाल. पासपोर्ट आणि पैसे त्यात ठेवू नका.

शोच्या अर्धा तास आधी खायला घाला, आत बसल्यावर नको. डिस्नीत बाहेरचा खाऊ न्यायला परवानगी आहे, काचेची बाटली आणि दारू सोडून. दशम्या, चिवडा, लाडू बिनधास्त न्या. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागायला लाजू नका. पाण्याच्या बाटलीचा भाव ऐकलात की आजी दिवसभर तहानलेल्या राहतील. प्रत्येक पार्कात बाळांसाठी वेगळं केंद्र असतं, डायपर बदलायला, खाऊ घालायला. तिथली शांतता धाकट्याच्या दुपारच्या झोपेआधी फार कामाला येते.

मेअखेरीपासून ओर्लँडोत दुपारी आभाळ भरून यायला लागतं. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंद होतात आणि तिथली सगळी माणसं छपराखालच्या शोंकडे वळतात. टूरवाल्याने सांगितलेली दुपारची एसीची जागा त्या दिवशी लोकलचा डबा होते. सकाळचे शो उरकून तुम्ही तेव्हा हॉटेलवर झोपलेले असलात तर उत्तम. पाच-साडेपाचला ताजेतवाने परत या.

चार दिवसांत चार पार्क मात्र करू नका. तीन करा, आणि मॅजिक किंगडमनंतरचा एक दिवस हॉटेलच्या तरणतलावाला द्या. हॉलीवूड स्टुडिओज गाळायला माझी हरकत नाही. तिथल्या मोठ्या राइड्स धाकट्याच्या उंचीत बसत नाहीत. मुलगी फ्रोझनवेडी असेल तर तिथला एकत्र गाणी म्हणायचा शो चांगला आहे, शब्द पडद्यावर येतात, शेवटी खोटा बर्फ पडतो. पण तेवढ्यासाठी सहाजणांचा एक दिवस आणि पाच तिकिटं घालवू नका. कोणी सांगेल की तिथे मुलांना ‘स्टार वॉर्स’मधली लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, देऊन जेडाय योद्धा बनवतात, सकाळी धावत जाऊन नाव नोंदवा. तो कार्यक्रम २०२० च्या मार्चमध्ये बंद पडला तो परत सुरू झाला नाही. जुन्या लेखांत आणि काही टूरवाल्यांच्या पत्रकांत तो अजून जिवंत आहे. म्हणून ज्या शोसाठी मुलाला शब्द देणार आहात तो निघण्याच्या आठवड्यात डिस्नीच्या अधिकृत वेळापत्रकात दिसतोय ना, हे बघा आणि मगच तिला सांगा.

तुमच्या जाऊबाई जपानला निघाल्यात असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यांच्यासाठी एवढंच : टोकियो डिस्नी-सीमध्येही हाच कासवाचा शो आहे, पण तिथलं कासव जपानीत बोलतं.